नानांची वही आणि इंटरनेटचं बिल

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त तसं फुटकळच आहे. गेल्या महिन्यात माळा आवरायला काढला आणि जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात नानांची एक वही सापडली. नाना म्हणजे माझे वडील. (घरच्यांना सांगायला नको, इथे येणाऱ्या बाकी मंडळींसाठी सांगतोय.) दोनशे पानी वही, खाकी कव्हर, आणि वर त्यांच्या त्या सुरेख अक्षरात लिहिलेलं, 'दूरध्वनी'.

आत पट्टीनं आखलेले रकाने. तारीख, वेळ, कोणाला, किती मिनिटे, आणि शेवटचा रकाना 'कारण'. दर दोन महिन्यांनी बेरीज, शेजारी बिलाचा आकडा, आणि दोन्ही जुळले की एक बारीकशी बरोबरची खूण. आम्ही तेव्हा या वहीची यथेच्छ टिंगल करायचो. आई तर म्हणायची, "यांना टेलिफोन खात्यानं बिनपगारी ठेवून घ्यायला हवं."

वही हातात घेऊन माळ्याखालीच बसलो होतो, तेवढ्यात मोबाईलवर निरोप आला. घरच्या इंटरनेटचे १,१७८ रुपये ८२ पैसे बँकेतून परस्पर वळते झाले. बायकोनं सहज विचारलं, "एवढे कशाचे रे?" आणि मला सांगता येईना. ८२ पैसे कुठून आले तेही नाही. नानांना १९९३ साली केलेल्या एका फोनचं कारण सांगता येत होतं, आणि मला कालच्या बिलाचं नाही. त्या दिवसापासून हा विषय डोक्यात घोळतोय.

हल्ली बिल जास्त वाटलं की सल्ला ठरलेला असतो : "कंपनी बदल." आमच्या लहानपणी हा सल्ला कोणी देऊच शकत नव्हतं, कारण बदलणार कोणाशी? पुण्यात टेलिफोन म्हणजे सरकारी खातं. मुंबई आणि दिल्लीत १९८६ पासून एमटीएनएल आलं, पण तेही सरकारीच आणि तिथेही एकटंच. आधी फोन मिळण्यासाठीच वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं. ज्यांना परवडायचं ते 'ओन युवर टेलिफोन' योजनेत मोठी रक्कम आधी भरून रांगेत पुढे सरकायचे. अशा मिनतवारीनं आलेला फोन कोण परत करणार? म्हणजे बिल कमी करायचं तर त्याच खात्यात राहून, त्याच तारेवर. आपल्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांनी नेमकं तेच केलं, आणि त्यात त्या भलत्याच तरबेज झाल्या.

सुरुवात तर फोनच्याही आधीची. तारेला शब्दांवर पैसे पडायचे, म्हणून आपल्याकडे एक 'तारेची भाषा' तयार झाली. क्रियापदं गळाली, आदरार्थी बहुवचनं गळाली. पत्त्याचेही शब्द मोजले जायचे, म्हणून व्यापारी पेढ्या वर्षाची फी भरून एका शब्दाचा 'तारेचा पत्ता' नोंदवून ठेवायच्या. जुन्या लेटरहेडवर तो हमखास दिसतो. लग्नामुंजीच्या शुभेच्छांची वाक्यं तर खात्यानंच क्रमांक घालून छापली होती. आपण नुसता क्रमांक द्यायचा, तिकडे पूर्ण वाक्य उमटायचं. मला यातली गंमत ही वाटते की ही सवलत खात्यानंच दिलेली होती. पण ती यादी मागून घेऊन वाचणाऱ्यालाच तिचा उपयोग. (तार २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली, तेव्हा शेवटची तार करायला लोकांनी रांगा लावल्या होत्या.)

मग ट्रंक कॉल. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे चढते दर. ठरावीक माणूस फोनवर आला तरच बोलायचं असेल तर पी. पी. कॉल. त्यातही लोकांनी खाचा शोधल्या. ठरवून ठेवलेलं एखादं नाव विचारायचं, पलीकडून "ते घरी नाहीत" असं उत्तर आलं की समजायचं, गाडी सुखरूप पोचली. बोलणं झालंच नाही, त्यामुळे बोलण्याचे पैसे नाहीत. पुढे मोबाईलवर मिस्ड कॉल द्यायची जी सवय लागली, ती अगदी नवी नव्हती म्हणायची.

२६ नोव्हेंबर १९६० रोजी कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. हळूहळू ती सगळीकडे पोचली आणि घड्याळ महत्त्वाचं झालं. दिवसा पूर्ण दर, संध्याकाळनंतर कमी, आणि रात्री उशिरा पाव दर. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना एसटीडी बूथसमोरच्या रात्री अकराच्या रांगा आठवत असतील. नानांच्या वहीत दर रविवारी रात्रीची एक नोंद ठरलेली : "इंदूर, ताई, ६ मि., खुशाली." आमची आत्या इंदूरला. दिवसभर तिची आठवण काढून नाना अकरा वाजायची वाट बघत बसायचे.

हा पाव दर म्हणजे खात्याची मेहेरबानी नव्हती, तो साधा हिशेब होता. तारा, खांब, एक्स्चेंज हे सगळं दिवसातल्या सर्वांत गर्दीच्या तासाला पुरेल एवढं उभारावं लागतं. तो खर्च एकदा झाला की मध्यरात्री तेच सगळं रिकामं पडून राहतं. रिकाम्या तारेवरून चार पैसे आले तरी ते वरकड, आणि चार लोक दुपारऐवजी रात्री बोलले तर दुपारची गर्दी कमी होते तो फायदा वेगळाच. म्हणून एकाच तारेचे दर अनेक असतात. पूर्वीही असत, आजही असतात. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट हीच.

आता मूळ विषयाकडे येतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं, म्हणजे व्हीएसएनएलनं, सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं. व्यक्तिगत खात्याचा दर होता २५० तासांना ५,००० रुपये. म्हणजे तासाला २० रुपये. विद्यार्थ्यांसाठी स्वस्तातलं, फक्त अक्षरं दिसणारं खातंही होतं. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि तासाचे दर भराभर खाली आले. पण खरी मेख पुढेच होती. तासाचे पैसे इंटरनेटवाल्याचे, आणि तेवढा वेळ फोन चालू राहिला त्याचे पैसे टेलिफोनवाल्याचे. इंटरनेटवाला बदलता यायचा, टेलिफोनवाला नाही.

१९९९ च्या उन्हाळ्यात आम्ही चार मित्रांनी मिळून एक खातं घेतलं. मी नुकताच पदवी घेऊन नोकरी शोधत होतो. दुपारी नाना ऑफिसात आणि आई झोपलेली असली की मोडेमची ती किरकिर सुरू व्हायची. मला काय माहीत, की त्याच १ मेपासून ट्रायचं नवं दरपत्रक लागू झालंय आणि लोकल कॉलचा पल्स पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आलाय! पूर्वी तासाभराचे बारा कॉल मोजले जात, आता वीस. एका कॉलला रुपया-सव्वा रुपया धरला तर तासाला वीस-पंचवीस रुपये, नुसते फोनचे.

एरवी सहा-सातशेच्या घरात येणारं बिल त्या वेळी ३,८६० रुपये आलं. नानांच्या पगाराच्या मानानं तो आकडा काय होता, ते घरातल्या मोठ्यांना आठवत असेल.

नाना ओरडले नाहीत. "बंद कर ते" असंही म्हणाले नाहीत. टेलिफोन डिरेक्टरी घेऊन बसले. तिच्या पुढच्या पानांवर बारीक टायपात दर छापलेले असायचे. ती पानं माझ्या माहितीत नानांखेरीज कोणी वाचली नसतील. दुसऱ्या दिवशी मोडेमशेजारी आईचं स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ आलं आणि भिंतीवर एक कागद :

१. पत्रे आधी लिहून ठेवावीत, मग जोडावे.
२. पाने उघडावीत, तोडावे, मग वाचावीत.
३. तीन मिनिटे पुरी होण्याआधी तोडावे. ३ मि. ५ सेकंद म्हणजे दोन कॉल.
४. प्रत्येक वेळ वहीत लिहावी.

बस्स. पुढचं बिल १,१४० आलं. तोच फोन, तेच खातं, तोच कॉम्प्युटर, आणि खरं सांगायचं तर माझी कामंही तेवढीच झाली. फक्त जोडलेल्या अवस्थेत बसून वाचत राहणं गेलं.

एवढं मला आठवतच होतं. हा किस्सा मी चारचौघांत सांगूनही झालाय. पण परवा वही वाचताना त्या महिन्यांत दोन गोष्टी दिसल्या, ज्या मला ठाऊक नव्हत्या.

एक म्हणजे 'कारण' हा रकाना. माझ्या वेळा मी लिहायचो, पण कारण मी कधीच लिहिलं नाही. ते नानांनी नंतर भरलेलं दिसतं. ओळीमागून ओळ त्यांच्या अक्षरात : "चि. — नोकरीसाठी अर्ज." "चि. — नोकरीसाठी अर्ज." त्यातल्या बहुतेक दिवशी मी अर्ज-बिर्ज काही केलेला नव्हता. याहूवर गप्पा मारत होतो. नानांना ते कळत नव्हतं असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट. ते मोठं बिल आल्यावर नऊ रविवार इंदूरची नोंद नाही. त्याआधी एकही रविवार चुकलेला नाही. नऊ आठवड्यांनी, माझं १,१४० चं बिल येऊन गेल्यावर, पुन्हा "इंदूर, ताई, ६ मि., खुशाली."

म्हणजे माझ्या ३,८६० मधला काही भाग नानांनी आपल्या पाव दराच्या सहा मिनिटांतून फेडला. आणि ते एका शब्दानं बोलले नाहीत.

मी आत्याला फोन केला. आता ती ८४ वर्षांची आहे. तिला ते दिवस नीट आठवत होते. म्हणाली, "मला वाटलं, दादा रागावलाय. दिवाळीत आला तेव्हा विचारलंही. म्हणाला, फोन बिघडला होता." (इंदूरची भावंडं हे वाचतीलच. आत्याला वाचून दाखवू नका, मी पुढच्या महिन्यात येतोय, तेव्हा वहीच घेऊन येतो.)

असो.

पुढचा काळ बहुतेकांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २००४ मध्ये सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं आणि २५६ केबीपीएसला 'ब्रॉडबँड' म्हणायचं ठरलं. (ही व्याख्या २०१३ मध्ये ५१२ केबीपीएसवर आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएसवर गेली.) जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आणि एमटीएनएलचं ट्रायबँड आलं. तासांचा हिशेब संपला आणि एमबीचा सुरू झाला. ठरलेल्या मर्यादेपुढे प्रत्येक एमबीला पैसे. बिलाच्या धसक्यानं लोक पानांवरची चित्रं बंद करून बसायचे.

आणि मग पुन्हा तोच जुना पाव दर वेगळ्या रूपात अवतरला. डेटावनच्या 'होम ५००' मध्ये रात्री २ ते सकाळी ८ कितीही उतरवा, मोजणी नाही. ट्रायबँडचेही 'नाइट अनलिमिटेड' प्लॅन होते. रिकाम्या तारा, रात्रीची वेळ, हिशेब तोच. एक अख्खी पिढी दोनचा गजर लावून झोपायला लागली. आपलं घड्याळ आणि त्यांचं घड्याळ यांत फरक असायचा, म्हणून दोन वाजून पाच-दहा मिनिटांनी जोडायचं आणि आठच्या आधी पाच-दहा मिनिटं तोडायचं, हा अलिखित नियम. आमच्याकडे मी रात्री लावून झोपायचो. नाना पहाटे पाचला उठायचे आणि बरोबर पावणेआठला हाक मारायचे, "अरे, तुझं ते उतरलं का? बंद करतो." ते काय उतरतंय हे त्यांनी कधी विचारलं नाही. वहीत मात्र लिहिलंय : "रात्री २ ते ८. विनामूल्य." वहीतल्या शेवटच्या नोंदी याच, २००७ च्या.

त्यानंतर दर कोसळतच गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि मोबाईलवरचा डेटा कवडीमोल झाला. घरोघरी फायबर पोचलं. २०२० मध्ये ३९९ रुपयांत ३० एमबीपीएस अमर्याद, असे प्लॅन निघाले. होम ५०० वाल्या २५६ केबीपीएसच्या शंभरपटीहून जास्त वेग, पाचशेहून कमी पैशात. कंपन्या झाल्या, निवड आली. आणि नेमकं तेव्हाच आपण बिल वाचायचं सोडलं. बिल पोस्टमन आणून टाकेनासा झाला, ते मेलमध्ये कुठेतरी पडतं, पैसे आपोआप जातात. पूर्वी दुसरी कंपनी नव्हती म्हणून माणसं दरपत्रक वाचायची. आता दुसरी कंपनी आहे म्हणून आपल्याला दोनच वाटा दिसतात : मुकाट्यानं भरा, नाहीतर सोडा. मधली नानांची वाट आपण विसरून गेलो.

तर मी वही शेजारी ठेवली आणि बिल उघडलं. प्लॅन ९९९ चा, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणून १,१७८.८२. निदान ८२ पैशांचा उलगडा झाला. (टेलिफोनच्या बिलावरचा कर हा देशातल्या पहिल्यावहिल्या सेवाकरांपैकी एक. १ जुलै १९९४ ला ५ टक्क्यांनी सुरू झाला. नानांनी तेव्हाच्या पानावर "नवीन कर" असं लाल शाईत लिहून ठेवलंय.)

हा २०० एमबीपीएसचा प्लॅन मी २०२० मध्ये घेतला होता. तेव्हा आम्हा दोघांचं ऑफिस घरात आणि दोन्ही मुलांचे वर्गही घरात. आता मुलगी नोकरीला बंगळुरूला, मुलगा हॉस्टेलवर. घरात दोघंच, एक टीव्ही, दोन फोन, एक लॅपटॉप. साध्या एचडी चित्रपटाला पाचेक एमबीपीएस पुरतात, सगळं एकदम चाललं तरी पंचवीस-तीसच्या वर जात नाही. मग २०० कशाला? तर मागच्या खोलीत नेट अडखळायचं म्हणून. ती अडचण तारेची नव्हतीच. राउटर टीव्हीच्या मागे, कपाटात कोंबलेला होता. तो बाहेर काढून मधल्या खोलीत उंचावर ठेवला आणि मागच्या खोलीचं रडगाणं थांबलं. ज्यांना घरातला वायफाय अडखळतो म्हणून महागडा प्लॅन घ्यावासा वाटतोय, त्यांनी आधी एवढं करून बघावं.

मग कंपनीला फोन केला. (नाव घेत नाही, सगळ्या सारख्याच.) पहिल्या मुलानं मला त्याच पैशात ३०० एमबीपीएस देऊ केले. मी म्हटलं, वेग नको, बिल कमी हवंय. तो म्हणाला, असा काही प्लॅन नाही. मग मला डिरेक्टरीची पुढची पानं आठवली. त्यांच्याच संकेतस्थळावर आमच्या भागासाठीचे दर उघडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून एकच प्रश्न विचारला : "आज माझ्या शेजाऱ्यानं नवीन जोडणी मागितली तर त्याला सर्वांत स्वस्त कोणता प्लॅन द्याल?" ४९९ चा, ४० एमबीपीएसचा, असं उत्तर आलं. "तोच मला द्या. आणि पुढचं बिल निघायच्या आत." दिला! जीएसटी धरून ५८८.८२. महिन्याला ५९० रुपये कमी, वर्षाला ७,०८०. कंपनी तीच, तार तीच. प्लॅनबरोबर येणारे चित्रपटांचे ॲप गेले, पण त्यातलं आम्ही बघतो ते मोबाईलच्या रिचार्जबरोबर मिळतच होतं.

म्हणजे गेली काही वर्षं हा दर तिथे होता. कोणी लपवलेला नव्हता. मी विचारलं नव्हतं, एवढंच. जुन्या गिऱ्हाइकाला आपणहून फोन करून "साहेब, तुमचं बिल निम्मं करतो" असं पूर्वीचं खातंही म्हणालं नव्हतं आणि आजची कंपनीही म्हणणार नाही.

यावर कोणी म्हणेल की पाच-सहाशे रुपयांसाठी एवढा खटाटोप? म्हणू देत. मीही नानांना तेच म्हणायचो. नाना कंजूष होते असं मला वाटायचं. कंजूष माणसानं ३,८६० च्या बिलानंतर मोडेम उचलून माळ्यावर टाकला असता. त्यांनी इंटरनेट चालू ठेवलं आणि त्यासाठी दरपत्रक वाचलं.

वहीची अजून चाळीस-एक पानं कोरी आहेत. त्यात मी या महिन्याची नोंद केली. 'कारण' या रकान्यात काय लिहावं ते मात्र सुचलेलं नाही, तो तसाच ठेवलाय.

तुमच्या घरी पाव दराच्या, गजराच्या, कुलूप लावलेल्या डायलच्या काय काय आठवणी आहेत, त्या नक्की कळवा. आणि आज रात्री जेवणं झाली की आपलं बिल एकदा उघडून बघा.